दीड नंबर मोठे बूट

एकदा एक अभियंता बदली होऊन लडाखला गेला. मूळचा कऱ्हाडचा. डोंगरातल्या रस्त्यांची आणि त्यांच्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांची देखभाल हे त्याचे काम. वय चाळिशीपलीकडचे, बायको आणि लहान मुलगी गावी, आणि भोवती सगळी परकी भाषा. पहिला हिवाळा त्याने शेगडीपाशी बसूनच काढला असता. त्याला तिथून उठवून उन्हात आणले ते त्याच्या हाताखालच्या ओव्हरसीयरने. त्याचे नाव रिग्झिन.

गावाबाहेर एक तळे होते. डिसेंबरात ते गोठले, की गावातली मोठी माणसे दर रविवारी त्यावर हॉकी खेळत. शाळामास्तर, कारकून, दुकानदार, ड्रायव्हर असे सगळे. कोणी मोठा खेळाडू नव्हता. पाच संघ, एक पितळेचा पेला, आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना चहा पाजायचा, एवढीच ती स्पर्धा. रिग्झिन मात्र खरोखर सुरेख खेळे. अभियंता काठावर उभा राहून पाही. खेळ संपला की रिग्झिन त्याच्यापाशी येऊन म्हणे, "साहेब, पुढच्या वर्षी तुम्हीही आत यायचं. नुसतं बघून थंडी जात नाही."

पुढचे वर्ष उजाडले, पण सप्टेंबरात घाटातल्या एका मोरीची पाहणी करताना दरड कोसळली आणि रिग्झिन तिच्याखाली गेला. जीप चालवणारा फुंत्सोग मागे गाडीत बसला होता, म्हणून वाचला.

गावाने शोक केला, विधी झाले, आणि माणसे आपापल्या कामाला लागली. अभियंता मात्र एक गोष्ट मनात दाबून बसला होता. त्या दिवशी पाहणीला जायची पाळी त्याची होती. पण मुलीचा सातवा वाढदिवस होता आणि केक कापताना तिला फोनवर पाहायचे होते. घाटात फोन लागत नाही. रिग्झिन आपणहून म्हणाला, "मी जातो, तुम्ही पोरीशी बोला." कार्यालयाच्या वहीत अभियंत्याने स्वतःच्या नावापुढे 'ताप' असे लिहिले. खरे काय ते, त्याच्या समजुतीप्रमाणे, दोघांखेरीज एकट्या फुंत्सोगला ठाऊक होते, कारण हे बोलणे आदल्या संध्याकाळी जीपच्या दारातच झाले होते. म्हणून दरड कोसळल्यानंतर आठवड्याच्या आत अभियंत्याने फुंत्सोगची बदली दुसऱ्या गाडीवर करून घेतली. फुंत्सोग समोरून येताना दिसला तर अभियंता रस्ता ओलांडून पलीकडे जाई.

थंडी वाढली. तळे गोठू लागले. तेव्हा अभियंता रिग्झिनच्या घरी गेला आणि त्याच्या बायकोला, डोलकरला, म्हणाला, "त्याचे स्केट्स मला द्याल का? त्याच्या जागी मी खेळेन." तिने आत जाऊन लोकरी शालीत गुंडाळलेले ते पाती बसवलेले बूट आणून त्याच्या हाती दिले.

आता त्या गावात एक म्हातारा होता. तरुणपणी तो फौजेत जोडे शिवत असे. पुढे दूरदूरहून जुने स्केट्स गावात येऊ लागले, तेव्हा ते दुरुस्त करणे, पात्यांना धार लावणे आणि ज्याच्या पायाला जे बसतील ते त्याला देणे, हे काम त्याच्याकडे आपोआप आले. नवख्यांना बर्फावर उभे करायचाही तोच. सगळे त्याला मेमे म्हणत. मेमे म्हणजे आजोबा. हा मेमे रिग्झिनचा बाप होता.

अभियंता स्केटिंग शिकायला मेमेकडे आला, तेव्हा त्याच्या काखेतले बूट म्हाताऱ्याने दुरूनच ओळखले. बूट हातात घेऊन त्याने पाते निरखले, आतला तळवा चाचपला आणि मग अभियंत्याच्या पावलाकडे पाहून म्हणाला, "हे तुम्हाला दीड नंबर मोठे आहेत, साहेब."

"दोन मोजे घालीन."

"मोज्यांनी बूट भरेल. पाय भरणार नाही."

"मेमे, मला हेच घालायचे आहेत."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि त्याला शिकवायला सुरुवात केली.

तीन आठवडे अभियंता रोज सकाळी तळ्यावर गेला. टाच बुटात वरखाली सरकत असे. त्याने चवड्यापाशी लोकरीचा बोळा कोंबला, नाड्या इतक्या आवळल्या की पाऊल काळेनिळे पडले, तरी घोटा आत मुडपायचा तो मुडपायचाच. टाचेची सालटी निघाली. रात्रीत तिला खपली धरायची आणि सकाळी ती पुन्हा निघायची. मेमे रोज विचारी, "दुखतं?" आणि तो रोज म्हणे, "नाही." खरे सांगायचे तर ते दुखणे त्याला हवेच होते. टाच ठणकू लागली की मनाला थोडा वेळ बरे वाटे. आपण काहीतरी फेडतो आहोत असे वाटे.

स्पर्धेचा पहिला रविवार आला. अभियंता रिग्झिनच्या संघातून, रिग्झिनच्या जागेवर उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील. या हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती त्याच्या डाव्या अंगाने गेली, तो वळायला गेला, पाय वळला पण बूट वळला नाही. घोटा कलंडला आणि तो आपल्याच संघातल्या शाळामास्तरांच्या पायांवर आडवा कोसळला. मास्तर तोंडावर पडले. पुढचे दोन दात तुटले आणि पांढऱ्या बर्फावर रक्त सांडले. ओठाला रुमाल दाबून धरत मास्तर म्हणाले, "असू दे, असू दे." अभियंत्याला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेमेने त्याला आपल्या दुकानी बोलावले. "बूट घालूनच बसा," तो म्हणाला. अभियंता बाकावर बसला, बूट चढवले, नाड्या आवळल्या. इतक्यात दार उघडून फुंत्सोग आत आला. त्यालाही मेमेनेच बोलावले होते. दोघांनी एकमेकांना पाहिले आणि दोघांनीही नजर वळवली. फुंत्सोग पलीकडच्या कोपऱ्यात बसला.

मेमे अभियंत्यासमोर गुडघे टेकून बसला. एकेक नाडी सोडून त्याने दोन्ही बूट काढले. लोकरीचे बोळे उपसून बाजूला ठेवले. मग तसाच सरकत तो फुंत्सोगपाशी गेला, त्याचे जोडे उतरवले आणि आपल्या मुलाचे स्केट्स त्याच्या पायांत चढवू लागला. फुंत्सोग पाय मागे ओढत होता. म्हाताऱ्याने त्याचा घोटा घट्ट धरून ठेवला.

अभियंता ताडकन उठला. "त्याला? मेमे, त्याला देताय? हा गाडीत बसून राहिला होता!"

मग फुंत्सोग खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "मी हॉर्न वाजवला होता, साहेब. वरून खडे यायला लागले तेव्हा. दोनदा वाजवला. त्यांना वाटलं, मी घाई करतोय. त्यांनी हसून हात केला, थांब म्हणून."

अभियंता परत बाकावर बसला. चार महिने दाबून ठेवलेले आता बाहेर पडले. "मेमे, जायचं मला होतं. माझी पाळी होती. ताप खोटा होता. मुलीचा वाढदिवस होता म्हणून मी थांबलो, आणि माझ्याऐवजी..."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला.

"कुणी सांगितलं? यानं?"

"यानं कुणालाच सांगितलं नाही. रिग्झिननंच सांगितलं. त्या सकाळी तो निघताना मी त्याला चहा दिला. म्हणाला, साहेबांच्या पोरीला आज सात वर्षं होतात, म्हणून मी चाललो. खूश होता."

अभियंत्याने चेहरा हातांनी झाकून घेतला. तसाच तो म्हणाला, "मग इतके दिवस तुम्ही मला काही बोलला का नाहीत? आणि त्याचे बूट माझ्या पायांतून का काढलेत? निदान एवढं तरी मला करू द्यायचं होतंत."

मेमे उठून त्याच्याशेजारी येऊन बसला. आजवर तो त्याला साहेब म्हणत आला होता. आता म्हणाला नाही.

"ऐक. माझा मुलगा गेला. ते दुःख बापाच्या मापाचं आहे, ते मला घालूनच चालायचं आहे. डोलकरचं तिच्या मापाचं. तुझा मित्र गेला, तेही दुःख काही लहान नाही. पण ते तू घातलंच नाहीस. तू थेट त्याच्या मरणातच पाय घातलास, आणि ते तुला मोठं होतं. मोठ्या बुटात माणूस कितीही रक्त सांडो, पाय काही वाढत नाही. तो पडतो, आणि जवळच्याला घेऊन पडतो. काल मास्तर पडले. त्याआधी हा पडला." त्याने फुंत्सोगकडे हात केला. "चार महिन्यांत याच्याशी तू एक शब्द बोललास? त्या दिवसाचं सगळं जाणणारा जगात हा एकच माणूस आहे, आणि याला तूच एकटं टाकलंस. तीन आठवडे मी वाट पाहिली, की एकदा तरी तू दुखतं म्हणशील. म्हणाला नाहीस. ती वाट पाहण्यात माझी चूक झाली. मास्तरांचे दात माझ्यामुळेही गेले."

"पण बूट यालाच का?"

"याच्या पायाला येतात म्हणून," मेमे म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

खरेच ते बूट फुंत्सोगला बेतून शिवल्यासारखे बसले होते. उभा राहून तो लहान मुलासारखा रडत होता, पण घोटे त्याचे सरळ होते.

मग मेमेने अभियंत्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. टाचेची जखम धुतली, पट्टी बांधली, वर एकच पातळ मोजा चढवला. भिंतीशी लावलेल्या जुन्या जोड्यांतून त्याने चारपाच काढल्या. एक नव्यासारखी, चकचकीत जोडी अभियंत्याने आपणहून उचलली. मेमेने ती परत ठेवली. "ही दगडासारखी कडक आहे. रोज खेळणाऱ्या पोरांची. तू रविवारी तासभर खेळणार, तुला थोडं वाकणारं कातडं हवं." शेवटी त्याने एक तपकिरी, चरे पडलेली जोडी पुढे केली. "टाच जमिनीवर आपट, मागे जाऊ दे. आता नाडी बांध. चवड्यापाशी सैल, घोट्यापाशी घट्ट. उभा राहा. बोटं पुढे टेकतात?"

"जेमतेम टेकतात."

"गुडघे वाकव."

"आता नाही टेकत. मागे आली."

"टाच उचलून बघ. सरकते?"

"नाही."

"दुखतं कुठं?"

अभियंता नेहमीप्रमाणे 'नाही' म्हणायला गेला आणि थांबला. "उजव्या करंगळीपाशी," तो म्हणाला. "दुखतंय, मेमे."

म्हाताऱ्याने बूट काढून घेतला, करंगळीजवळचे कातडे शेगडीच्या उबेवर धरले, लाकडी खुंटीवर चढवून ताणले आणि परत त्याला दिला. "असाच पाव तास बसून राहा. बूट पायाला ओळखतो की नाही, ते बसल्यावर कळतं." तो पाव तास तिघेही त्या खोलीत बसले. अभियंत्याने फुंत्सोगला त्या सकाळबद्दल विचारले, आणि फुंत्सोगने पहिल्यापासून सगळे सांगितले. रिग्झिन वाटेत कोणते गाणे गुणगुणत होता, तेही सांगितले. मेमे पाठ करून एका पात्याला धार लावत होता. मध्येच धार लावण्याचा आवाज थांबला आणि बराच वेळ थांबून राहिला.

पुढच्या रविवारी रिग्झिनच्या जागी फुंत्सोग खेळला. अभियंत्याला मागे, बचावात उभे केले होते. तो हळू खेळला, फारसे काही साधले नाही, पण पडला नाही आणि त्याने कोणाला पाडलेही नाही. मास्तर बाजूला बसून, फाटक्या ओठाने, त्याच्या नावाने ओरडत होते. मधल्या विश्रांतीत तो दम खात काठावर आला, तर तिथे मेमे एकटाच उभा होता. तो तळ्याकडे पाहत नव्हता. डोळे मिटून ऐकत होता. पलीकडे फुंत्सोग एकटाच सराव करत बर्फ कापत चालला होता.

"मला वाटलं होतं, आवाज तोच येईल," म्हातारा म्हणाला. "रिग्झिन यायचा ते मला न बघता कळायचं. पातं तेच आहे. धारही मीच लावली." त्याने डोळे उघडले. "पण आवाज बुटाचा नसतो. चालणाऱ्याचा असतो."

अभियंत्याला तेव्हा समजले, की आपल्याला त्या दिवशी ज्याने मोकळे केले, तो स्वतः मुळीच मोकळा झालेला नाही. होणारही नाही. तो म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि शिटी वाजेपर्यंत दोघेही तो परका आवाज ऐकत राहिले.

शहाणपणाने दुःख हलके होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या पायांत येऊन त्याला पाडेनासे होते.