लाखेचे बारा थर

एका राज्याच्या दरबारात कुणाला बसू देत नसत. राजा धीरवर्मा तेवढा बसे. बाकी साऱ्यांनी उभे राहायचे, मग पाय मोडोत की कंबर. एके दिवशी डोंगर उतरून एक म्हातारा मांत्रिक आला. पाय सुजलेले, काठीचा आधार. राणी मृणावतीला कळवळा आला. 'बसा' हा शब्द तिच्या ओठांवर आला, पण तिने राजाकडे पाहिले आणि तो गिळला.

मांत्रिक म्हणाला, "राणी, तू सागाची खुर्ची होशील. गिळलेला शब्दच तुला सोडवील. बारा वर्षांच्या आत 'बसा' म्हणालीस, आणि ज्याला म्हणालीस तो बसला, तर सुटशील. नाहीतर साग तो सागच."

झाले! मांत्रिक निघून गेला आणि राणीच्या जागी खुर्ची उरली.

राजाने ती आपल्या महालात नेली. पहिल्या दिवशी तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून जेवला, रडला, तिच्याशी बोलला. खुर्ची बारीकशी करकरली. राजाला केवढा आनंद झाला! पण उठताना पाहतो तो काय, खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या गरम दुधाच्या वाटीने पांढरे कडे उमटलेले. माझ्या हातून हिला इजा झाली, म्हणाला, आता जपले पाहिजे.

आणि जपले म्हणजे किती जपले! कड्यावर लाखेचा जाड थर दिला. खिडक्या लावल्या. वर्षाला एक थर, वर्षाला एक थर. तो स्वतःसुद्धा उंबऱ्यातूनच बघे. खुर्ची लखलख करू लागली, पण तिची करकर कमी होत गेली आणि पाचव्या वर्षी थांबली. राजाशी बोलायला कुणी उरले नाही. उभी माणसे कामापुरते बोलतात आणि जातात. एवढ्या मोठ्या महालात तो एकटा जेवे, एकटा उठे. फार एकटा पडला होता हो बिचारा.

बारा वर्षे भरायला तीन दिवस उरले, तेव्हा त्याने म्हाळसा सुतारणीला बोलावले. म्हातारी होती, पण लाकडाची नाडी जाणणारी.

"म्हाळसाबाई, तेरावा थर दे. चांगला जाड."

म्हाळसाने बोटाच्या पेराने खुर्ची ठोकून पाहिली. "देणार नाही. अहो महाराज, हा साग! याचं तेल याच्याच अंगात असतं. तुम्ही याचा जीव कोंडलात."

तिने खिडकी उघडली, तर बाहेर फांदीवर एक धनेश पक्षी. भली मोठी चोच हलवून तो बोलला, "राजा, माझी मादी अंडी घालते तेव्हा ढोलीचे तोंड लिंपून घेते. पण चोचीएवढी फट ठेवते. तिथून मी तिला उंबराची फळे भरवतो. तू फट ठेवलीस काय?"

"नाही," राजा म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली.

"मग तीन दिवस, तीन कामं," म्हाळसा म्हणाली. "स्वतःच्या हातानं."

पहिल्या दिवशी राजाने लाख खरवडून काढली आणि खरवताच्या खरखरीत पानांनी लाकूड घासले. "रेषेच्या कलानं! आडवं घासाल तर ओरखडे जन्माचे," म्हाळसा ओरडे. बाराही थर गेले आणि खाली ते पांढरे कडे दिसले. राजा त्यावर तुटून पडला. म्हाळसाने त्याचा हात धरला. राजाचा हात, बरे का! "पुरे. खड्डा पडेल. डाग राहिला तर राहिला."

दुसऱ्या दिवशी जवसाचे तेल. राजाने अर्धी बुधलीच ओतली. "प्यायलं तेवढं त्याचं. उरलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकटा धरेल," म्हाळसा म्हणाली. धनेश म्हणाला, "भरवणे निराळे, कोंबणे निराळे." राजाने मुकाट्याने पुसले.

"आज काय करू?" तिसऱ्या दिवशी राजाने विचारले.

"काही नाही. हिला सावलीत वाऱ्याला ठेवा आणि जवळ बसा."

तेच सगळ्यांत अवघड. हात शिवशिवत होते. ऊन उतरू लागले, मुदत संपत आली, आणि राजाला हुंदका फुटला. "मृणावती, मला फार एकटे वाटते गं."

खुर्ची करकरली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बसा."

राजा उठला आणि तिथेच थबकला. "हिला भार होईल!"

"अहो, खुर्ची बसायलाच असते!" म्हाळसा कडाडली.

राजा डोळे मिटून बसला. त्याच क्षणी खुर्ची नाहीशी झाली आणि महाराज दाणकन फरशीवर! वर पाहतात तो राणी उभी, हसते आहे आणि रडतेही आहे.

राजा कंबर चोळत उठला. पहिला शब्द बोलला तो म्हातारीला, "बसा, म्हाळसाबाई." दुसऱ्या दिवशी दरबारात सतरंज्या अंथरल्या, आणि येईल त्याला आधी 'बसा' म्हणायचे असा हुकूम सुटला.

राणीच्या मनगटावर मात्र पांढरे कडे राहिले होते. राजाने वैद्याला हाक मारली, पण तिने हात मागे घेतला.

"राहू द्या. बारा वर्षांत एकच दिवस तुम्ही माझ्याजवळ बसून जेवलात. त्याची एवढीच खूण आहे माझ्यापाशी."

राजाने दोन ताटे वाढायला सांगितली आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.