हातांची दवंडी

फार पूर्वी तळ्याकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून तो तोंडाने बोलत नसे, हातांनी बोले. त्याच्या बायकोला, म्हणजे कुंभारणीला, ही हातांची भाषा चांगली येत होती. माती मळताना दोघांचं भांडण जुंपलं की मात्र पंचाईत व्हायची, कारण हात चिखलात अडकलेले असायचे. मग हात धुऊन येईपर्यंत राग निम्मा व्हायचा.

कुंभाराच्या माठांना पंचक्रोशीत तोड नव्हती. भर वैशाखातही त्यांतलं पाणी गारेगार असायचं. याचं सगळं गुपित तळ्याच्या काठावरच्या मातीच्या एका पट्ट्यात होतं. त्याच्या आज्यापासून त्याचं घर तिथूनच माती आणत होतं. दुसरीकडची माती त्याने वापरून पाहिली होती, पण भाजताना मडक्यांना तडे जात.

त्या गावात एक जुनी रीत होती. गावासाठी काही नवं करायचं ठरलं की तीन दिवस दवंडी पिटायची. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ज्याने चावडीवर येऊन हरकत घेतली नाही, त्याला ते मान्य आहे असं समजायचं. गावाला या रीतीचा मोठा अभिमान होता. आमच्या गावात कुणाला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं गावकरी पाहुण्यांना सांगत.

एकदा गावाने धर्मशाळा बांधायची ठरवली. विटा लागणार होत्या, तेव्हा तळ्याकाठची माती वीटभट्टीवाल्याला द्यावी, असं पाटलांनी सुचवलं. लगेच दवंडी सुरू झाली. कुंभारीण नेमकी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. दवंडीवाला तिन्ही दिवस हलगी बडवत कुंभाराच्या दारावरून गेला. कुंभाराने नेहमीसारखं हसून त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. डाव्या हाताच्या शेजाऱ्याला वाटलं, उजव्या हाताच्या शेजाऱ्याने सांगितलं असेल. उजव्या हाताच्या शेजाऱ्यालाही तसंच वाटलं. चांगल्या माणसांच्या गावातसुद्धा अशा गोष्टी अशाच होतात.

चौथ्या दिवशी कुंभार पाटी घेऊन तळ्यावर गेला, तर त्याच्या पट्ट्याभोवती खुंट्या ठोकलेल्या होत्या. वीटभट्टीवाल्याने त्याला हाताने परत जायची खूण केली. एवढी एक खूण गावात सगळ्यांना येत होती.

कुंभारीण परत आली आणि तडक चावडीवर गेली.

"दवंडी झाली, मुदत संपली," पाटील म्हणाले. "तुझा नवरा तर मान डोलावत होता. दवंडीवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"पाटील, त्यांना ऐकू येत न्हाई, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"ठाऊक आहे गं. पण रीत म्हणजे रीत."

आता काय करायचं? त्या मातीवाचून चाक थांबणार होतं. चाक थांबलं तर पोटासाठी गाव सोडावं लागणार होतं. कुंभारीण रडली. कुंभाराने तिला रडू दिलं आणि मग हातांनी विचारलं, "दाद कुणाकडे मागायची?"

गावात एक वकील होते. मनाने फार चांगले, पण स्वतःचा आवाज ऐकायची त्यांना भारी हौस. त्यांनी खटला फुकट लढवायचं कबूल केलं. कुंभारणीकडून सगळी हकीकत ऐकून घेतली. कुंभार समोरच बसला होता, पण त्यालाही काही विचारावं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात राजाचे न्यायाधीश गावात आले. चिंचेखाली सभा भरली. वकिलांनी पगडी सारखी केली आणि सुरुवात केली.

"महाराज, या बिचाऱ्याकडे पाहा! बिचाऱ्याला पाखरांचा आवाज ठाऊक नाही. बिचाऱ्याला देवळातली घंटा ठाऊक नाही…"

असे अकरा बिचारे झाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुंभाराला शब्द ऐकू येत नव्हते, पण चेहरे दिसत होते. पाय मोडलेल्या वासराकडे पाहावं तसे सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

पाटलांनाही गहिवरून आलं. ते उठून म्हणाले, "गावातर्फे याला दर सुगीला चार पायली जोंधळे देऊ. बिचाऱ्याने आता घरी बसून खावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खटला जिंकला असं वकिलांना वाटलं आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने कुंभाराकडे पाहिलं.

कुंभारणीने झालेलं सगळं हातांनी सांगितलं. कुंभाराने जोरजोरात मान हलवली. त्याचे हात भराभर चालले.

"ते म्हणत्यात," कुंभारीण म्हणाली, "माझे हात धड हायेत. मला जोंधळे नगोत, माती पायजे. आन् वकीलसायेब, तुमी मला इचारलं का न्हाई?"

वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, त्यामुळे तिचं बोलणं त्यांच्याशिवाय फारसं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. गप्प बसले असते तर गावभर वाहवा झाली असती. पण ते मनाने खरोखरच चांगले होते. त्यांनी पगडी काढून हातात घेतली.

"महाराज, माझी चूक झाली. ज्याची बाजू मांडतोय त्यालाच मी विचारलं नाही. माझं आधीचं बोलणं मागे घेतो. आता त्यालाच बोलू द्या."

न्यायाधीशांनी मान डोलावली.

कुंभार पुढे आला. त्याने दवंडीवाल्याकडून हलगी मागून घेतली आणि तीनदा वाजवली. मग हलगी खाली ठेवून हातांनी काहीतरी सांगितलं. पुन्हा हलगी, पुन्हा हात. असं तीन वेळा केलं आणि तो लोकांकडे पाहत थांबला.

कुणाला काही कळलं नाही. पण तसं दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून सगळे हसले आणि त्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मान पाटलांनी डोलावली.

कुंभारणीला पदर तोंडावर धरावा लागला. हसू आवरून ती म्हणाली, "महाराज, ह्यांनी आत्ता दवंडी दिली. पाटलांची पांढरी घोडी आजपासून कुंभाराची. कुणाची हरकत आसंल तर त्यानं आत्ता सांगावं. तीन डाव सांगितलं, कुणीबी बोललं न्हाई. पाटलांनी तर मान डोलावली."

"माझी घोडी!" पाटील ताडकन उठले. "अहो, पण हा काय सांगतोय ते मला कळायला नको?"

आपण काय बोललो हे पाटलांना बोलून झाल्यावर कळलं. ते हळूच खाली बसले. मग त्यांनाच आधी हसू फुटलं, आणि त्यांच्यामागे सगळी चिंच हसली.

न्यायाधीश म्हणाले, "पाटील, घोडी तुमचीच राहील आणि माती कुंभाराची. दवंडी वाजली म्हणजे झाली असं नाही, पोचली म्हणजे झाली. इथून पुढे ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दारी जाऊन खुणांनी सांगायचं. जो अंथरुणाला खिळलाय त्याच्या उशाशी जाऊन सांगायचं, आणि त्याची हरकत तिथेच ऐकून घ्यायची. ही दया नव्हे. हा त्यांचा हक्क आहे."

वीटभट्टीवाल्याला माळावरची जागा मिळाली. विटांना तिथली माती चालत होती. वकील तेव्हापासून कुणीही आलं की आधी "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू लागले. दवंडीवाला रोज संध्याकाळी कुंभाराच्या ओट्यावर हातांची भाषा शिकायला बसू लागला. त्याची बोटं जाड होती, फार चुकायची. कुंभार ती धरून सरळ करायचा. हळूहळू शेजारीही शिकले. तळ्याच्या या काठावरच्या बायका त्या काठावरच्या बायकांशी न ओरडता गप्पा मारू लागल्या.

वर्षभराने दवंडी आली, मंगळवारचा बाजार गुरुवारी भरवायचा. दवंडीवाल्याने कुंभाराच्या दारात उभं राहून ती हातांनी सांगितली. कुंभाराला मंगळवारच सोयीचा होता. तो चावडीवर गेला आणि त्याने हरकत घेतली. पाटलांनी ती नीट ऐकली, न कळलेलं दोनदा विचारलं. मग सगळ्यांनी हात वर केले. गुरुवारच्या बाजूने सारा गाव, मंगळवारच्या बाजूने कुंभार आणि कुंभारीण.

कुंभार घरी येताना सारखा हसत होता. चाकापाशी बसला तरी हसू थांबेना.

कुंभारणीने कंबरेवर हात ठेवून पाहिलं. मग हातांनी विचारलं, "हरलात आन् हसताय कशापायी?"

कुंभाराने माती बाजूला सारली, हात स्वच्छ धुतले आणि सांगितलं, "या वेळी त्यांनी मला विचारून हरवलं."

आणि मग त्याने चाकाला गती दिली.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: ज्याच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही त्याच्या गप्प राहण्याला होकार समजू नये, आणि कुणाची बाजू घ्यायचीच असेल, तर त्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारावं.