मुंग्यांनी नेलेलं गवताचं बी

एका उघड्याबोडक्या माळावर, जिथे बाभळीच्या सावलीलासुद्धा तहान लागायची, तिथे ठकू नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. काट्याने पाय सुजला म्हणून आईबाबा तिला आत्याकडे ठेवून मेंढरं घेऊन घाटापलीकडे गेले होते. इथे चाराच नव्हता ना! जाताना आईने तिच्या ओंजळीत गवताचं बी ठेवलं. "हे पेर, बाळा. माळ हिरवा दिसला की मेंढरं लगेच माघारी वळवते बघ."

ठकूने बी पेरलं आणि रोज घाटाकडे डोळे लावून बसू लागली. एका सकाळी बघते तर काय, मुंग्यांच्या काळ्या काळ्या रांगा एकेक दाणा उचलून माळभरच्या वारुळांत चाललेल्या! ठकूला रडूच कोसळलं.

"थांब, मेल्यांना दाखवतेच!" आत्या उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आली.

"नको गं आत्या! आत त्यांची बाळं असतील. तीपण वाट बघत असतील." ठकूने आपली चतकोर भाकरी जवळच्या वारुळापाशी कुस्करली. आत्या पुटपुटत माघारी गेली.

तेवढ्यात वारुळाच्या तोंडातून सोनसळी उजेड सांडला आणि करंगळीएवढी परी बाहेर आली. तिचे चिमुकले पंख निळेहिरवे चमचमत होते.

"एकच इच्छा माग, ठकूताई. पण कुणाला ओढून आणायचं नाही. आणि नंतर वारूळ उकरायचं नाही हं!"

म्हणजे आई मागता येणार नव्हती. ठकूने एकदा घाटाकडे पाहिलं. बी परत मागावं, तर बाळं उपाशी राहणार.

"मग... इथे जे काही हिरवं उगवेल, ते आईला लांबून दिसू दे."

"एवढंच होय गं?" परी हसली आणि आत गेली.

दिवस गेले. उकरून बघायला ठकूचे हात शिवशिवायचे; बिचारी ते पाठीमागे धरून उभी राहायची. मग सरी आल्या. टणक माळावरून पाणी वाहून गेलं. पण मुंग्यांनी पोखरून भुसभुशीत केलेली माती ते गटागटा प्यायली. त्यांच्याकडून वाटेत सांडलेले दाणे तरारले. वारुळावारुळाभोवती हिरवंगार गोल कडं उमटलं.

आणि एका दुपारी घाटाकडून मेंढरांच्या घंटा किणकिणल्या.

"ठकू! अगं, आपल्या माळाने हिरव्या बांगड्या भरल्या की! थेट खिंडीतून दिसल्या मला!" आई धावतच आली.

वारुळावर परी क्षणभर झगमगली आणि उजेडात विरून गेली. ठकूने ते पाहिलंच नाही. तिचं तोंड आईच्या पदरात होतं.