बगळे सरांची शिस्त

जनावरं कॉलेजात जाऊन शिकायची, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या कॉलेजचा फुटबॉल संघ मोठा चपळ होता. संघाचं कप्तानपद एका मुंगसाकडे होतं. त्या वर्षी संघाला नवे प्रशिक्षक आले, बगळे सर.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना एका पायावर उभं केलं. म्हणाले, "कुणी धावायचं नाही. मी जन्मभर असाच उभा राहिलो आणि मासे आपोआप चोचीपाशी आले. तसाच चेंडूही येईल."

चेंडू आला आणि शेजारून सरळ गोलात गेला. टेकडीवरच्या बोकडांनी हरवलं, मग मळ्यातल्या उंदरांनीही हरवलं. उंदरांनी! मुंगसाच्या अंगाची लाही लाही झाली. वर सर त्यालाच झापायचे, "तुझी शेपटी हलली, म्हणून हरलो!" आणि प्राचार्य कासवराव मान डोलवायचे.

मोसमातल्या शेवटच्या सामन्यात समोरच्या संघातल्या माकडानं टोलवलेला चेंडू थेट कडेला उभ्या सरांच्याच अंगावर आला. सरांनी पंख फडफडवले आणि बाभळीचा शेंडा गाठला.

मुंगूस तरातरा बाभळीखाली गेलं. "मोसमभर माझी नुसती शेपटी हलली, म्हणून हरलो ना? आज तुम्ही अख्खेच्या अख्खे हललात, सर! आता खापर कुणाच्या डोक्यावर फोडणार?"

सरांनी शेंड्यावर एक पाय पोटाशी घेतला आणि डोळे मिटले. खाली मात्र अख्खा संघ चेंडूमागे धावत सुटला होता.