राखेचं कडं

ज्या काळी राजे घोड्यावर बसून स्वतः खेडोपाडी फिरत असत आणि माणसं दाराला नुसती कडी लावून शेतावर जात असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. ऐकणारा लहान असो की मोठा, दोघांनाही ती सारखीच कळेल.

डोंगराच्या पायथ्याशी ज्वारी पिकवणारं एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. मळणी झाली, धान्य उफणलं, खळ्यावर पांढरीशुभ्र रास उभी राहिली, की शेतकऱ्यानं तिला लगेच हात लावायचा नाही. आधी राजाचा कारभारी यायचा. तो राशीभोवती राखेचं कडं ओढायचा; ते पुसेपर्यंत शेतकऱ्यानं आत पाऊल टाकायचं नाही. मग त्या राशीतून एक मोठी टोपली राजाच्या पेवासाठी भरून घ्यायचा आणि स्वतःच्या पायानं ते कडं पुसायचा. त्यानंतरच रास घरी जायची. कुणाचं भरघोस पिको की बेताचं, टोपली कुणालाच चुकत नसे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, विहिरीसारखं खोल कोठार. राजाचं पेव गावाबाहेरच्या टेकाडावर होतं. त्याच्या तोंडावर भलीमोठी शिळा बसवलेली होती. शिळेला एक लहान भोक होतं. दरवर्षी टोपल्या त्या भोकातून आत ओतायच्या आणि भोक शेणमातीनं लिंपून टाकायचं. शिळा मात्र फक्त दुष्काळात हलवायची, अशी राजाज्ञा होती. देवाच्या दयेनं दुष्काळ काही आला नव्हता. त्यामुळे शिळेखाली काय आहे, हे पाहिलेलं एकही माणूस गावात उरलं नव्हतं.

या गावात भिवरा नावाची एक शेतकरीण होती. नवरा बैलांच्या मागे आणि ती राशीच्या मागे, असा दोघांचा संसार होता. भिवरा कष्टाळू होती, पण तिला एक सवय होती. कुंभाराकडून मडकं घेताना ती बोटानं टणटण वाजवून घ्यायची. दोरखंड घेताना ओढून बघायची. कुंभार म्हणायचा, "भिवराबाई, गावात सगळे डोळे मिटून घेतात, तुम्हीच कान लावता." ती म्हणायची, "पाणी मला भरायचंय ना त्यात!"

एका सुगीत कारभाऱ्यानं तिच्या राशीतून टोपली भरली, तेव्हा तिनं सहज विचारलं, "कारभारी, या टोपलीचं पुढं काय होतं?"

"पेवात जाते."

"आणि पेवातून?"

"पेवातून कुठं जाणार? पेवातच राहते."

शेजारच्या खळ्यावर सटवाजी नावाचा शेतकरी उभा होता. तो मोठ्यानं हसला. "वहिनी, काय विचारता! पेवातले उंदीर म्हणे आता बैलाएवढे झालेत."

"चार पायांचे की दोन पायांचे, भावजी?" भिवरा म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा कारभाऱ्याच्या पोटाकडे वळल्या. ते जरा सुटलेलं होतं. पुरावा म्हणावा तर तेवढाच होता, पण गावाला तेवढा पुरला. कारभाऱ्याचे कान लाल झाले. त्यानं घाईनं कडं पुसलं आणि टोपली उचलून तो निघून गेला.

तेव्हापासून त्याला दरवर्षी खळ्याखळ्यावर तोच टोमणा ऐकावा लागे. लोक टोपली देत, पण दात-ओठ खात देत. कुणी मुद्दाम खडे मिसळलेली ज्वारी देई, तर कुणी टोपलीच्या तळाशी भुसा दडवी. भिवरानं मात्र तसं कधी केलं नाही. ती चांगलीच ज्वारी द्यायची आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायची.

मग एका वर्षी पाऊसपाणी उत्तम झालं. ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्यावर गेली. गाव खूश होतं. पण कणसं भरायला लागली तशी भिवरानं एक कणीस चिमटीत दाबून पाहिलं, आणि दाण्याच्या जागी तिच्या बोटांना काळी भुकटी लागली.

पिकावर काणी पडली होती.

हा रोग फार वाईट. तो दाण्याची राख करतो, आणि ती काळी भुकटी उरल्यासुरल्या चांगल्या दाण्यांनाही चिकटून बसते. तेच बी पुन्हा पेरलं, की पुढच्या साली पुन्हा काळीच कणसं. आसपासच्या गावांतही हीच गत होती, त्यामुळे बी मागायचं तरी कुणाकडे? खाण्यापुरतं कसंबसं निघालं असतं. पण पेरायला निरोगी बी गावात कुणाकडेच नव्हतं. भिवरानं सुपात घेऊन दाणा न् दाणा निवडला. ओंजळभर बीही तिच्या मनासारखं निघालं नाही.

अशा वेळी कारभारी राख घेऊन खळ्यावर आला. भिवराच्या काळपट, लहानशा राशीभोवती त्यानं कडं ओढायला घेतलं. कडं पुरं व्हायच्या आत भिवरा राशीपाशी जाऊन बसली.

"भिवरे, बाहेर ये," कारभारी म्हणाला.

"येते. आधी पेवाची शिळा हलवा."

"दुष्काळाशिवाय शिळा हलवत नाहीत."

"मग हा काय सुकाळ आहे? पाणी आहे, जमीन आहे, आणि पेरायला बी नाही. आमच्या आजे-सासऱ्यांपासूनची ज्वारी त्या पेवात पडलीय. आज नाही तर ती कधी कामाला यायची?"

तिचा नवरा कडेला उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, उगाच वाकड्यात नको शिरू. राजाचं काम आहे."

"अहो, तुम्ही बैलांना पाणी दाखवा. मी इथंच आहे."

ती काही उठली नाही. दुपारी नवऱ्यानं भाकरी आणली, तीही राखेवर पाय पडू न देता, लांबूनच हात पुढे करून दिली. हळूहळू गाव गोळा झालं. शेवटी कारभारी वैतागून म्हणाला, "मी महाराजांनाच घेऊन येतो," आणि निघाला.

राजा आला. घोड्यावरून उतरून तो कड्याबाहेर उभा राहिला.

"बाई, तुला टोपली द्यायची नाही का?"

"द्यायची आहे, महाराज. आजवर एकही चुकवली नाही. पण मी मडकं घेते तेव्हा वाजवून घेते. या गावानं मिळून एवढं मोठं मडकं भरलं, ते कुणी एकदाही वाजवून पाहिलं नाही."

राजा कारभाऱ्याकडे वळला. "आत काय आहे?"

"जेवढं ओतलं तेवढं असणार, महाराज."

"तू पाहिलंस?"

कारभाऱ्यानं मान खाली घातली. "शिळा हलवू नये, ही आपल्या आजोबांची आज्ञा."

राजानं टेकाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीही पाहिलेलं नाही. चला, शिळा हलवा."

सगळं गाव टेकाडावर चढलं. इतकी वर्षं भिवराला वाटत आलं होतं, की पेव रिकामं निघावं आणि आपलं म्हणणं खरं ठरावं. पण आता पहारी लावून शिळा सरकू लागली, तसा तिच्या मनात दुसराच प्रश्न आला. पेव रिकामं निघालं, तर गावानं पेरायचं काय? ती मनातल्या मनात म्हणू लागली, "देवा, मी खोटी ठरू दे."

बंद पेवातली हवा विषारी असते, हे जुन्या माणसांना ऐकून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधी पेटता दिवा दोरीनं आत सोडला. तो तोंडाच्या खाली जाताच विझला.

"ही लक्षणं काही बरी नाहीत," सटवाजी पुटपुटला.

दिवसभर लोक निंबाचे डहाळे दोरीला बांधून पेवाच्या तोंडाशी खालीवर हलवत राहिले, म्हणजे वारं खेळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दिवा सोडला. या वेळी तो तेवत राहिला, पण त्याच्या मिणमिणत्या उजेडात खालचं काही दिसेना.

"मी उतरतो," कारभारी म्हणाला. "संशय माझ्यावर आहे."

"म्हणूनच तुम्ही नको," भिवरा म्हणाली आणि तिनं दोरी कमरेला बांधून घेतली.

वरची माणसं दोरी सोडू लागली. पेव खोल होतं, म्हणून त्यांनी लांबच लांब दोरी आणली होती. पण थोडी सोडली न सोडली, तोच आतून भिवराचा आवाज आला, "थांबा! पाय टेकले!"

पेव भरलेलं होतं. कारभारी होता तिथंच मातीत बसला आणि उपरण्यानं डोळे पुसू लागला. इतक्या वर्षांत त्यानं एक दाणाही घरी नेला नव्हता, पण ते सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हतं. आज भिवराच्या पायांनी ते सिद्ध केलं.

आत भिवरानं ओंजळभर ज्वारी उचलली. त्या ज्वारीला कुबट वास येत होता. तिनं दंडापर्यंत हात आत खुपसला आणि खालची ज्वारी काढली. ती कोरडी होती, टणक होती, आणि काणीच्या आधीची असल्यामुळे एकही काळा डाग तिच्यावर नव्हता.

पण पेवातली ज्वारी खायला चालली, तरी उगवेल का? म्हणून तिनं मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि ते गाठोडं खळ्यावर सगळ्यांसमोर ठेवलं. त्या दिवसांत गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. येणारा-जाणारा त्या फडक्यावर पाणी शिंपडून जाई. एका सकाळी भिवरानं गाठ सोडली. दाण्यादाण्याला पांढरा कोंब फुटला होता.

सटवाजीनं डोक्यावरचं पागोटं काढून वर उडवलं. ते बाभळीत अडकलं. नंतर ते काढताना त्याच्या हाताला काटे बोचले, तरी तो हसतच होता.

बी काढता काढता लोक पेवाच्या तळाकडे पोचले, तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले. तळाला ओल लागून खालची निम्मी ज्वारी कुजली होती. तिची काळी ढेपळं झाली होती. वर्षानुवर्षं जुन्यावर नवं ओतलं होतं, जुनं कुणी काढलंच नव्हतं. एका दाण्याचीही चोरी झाली नव्हती, तरी दर दोन टोपल्यांतली एक वाया गेली होती. आणि ही कुज हळूहळू वर चढत होती. आणखी काही वर्षं शिळा तशीच राहिली असती, तर काहीच वाचलं नसतं.

"म्हणजे आता टोपली बंद ना, महाराज?" सटवाजीनं विचारलं.

राजानं भिवराकडे पाहिलं.

"बंद कशाला, भावजी? टोपली नसती तर यंदा काय माती पेरली असती? बंद नको. लहान करा. आणि दरवर्षी शिळा हलवा. आधी जुनं वाटा, मग नवं ओता. ज्यानं टोपली दिली, त्यानं आत डोकावून जावं."

राजाला ते पटलं. टोपली निम्मी झाली. पेवाचा तळ भाजून, कडबा पसरून कोरडा केला गेला.

टेकाडावरून परत जाताना भिवरा कारभाऱ्यासमोर उभी राहिली. "कारभारी, मी तुम्हाला उंदीर म्हटलं. न बघता बोलले. चुकलं माझं."

"आणि मी न बघता राखण करत बसलो," कारभारी म्हणाला. "तू दरसाल विचारत होतीस. मी तेव्हाच महाराजांकडे जायला हवं होतं." मग पोटावर हात फिरवून म्हणाला, "आणि हे पोट पेवामुळे नाही हो सुटलेलं. ते आमच्या मंडळींच्या हातच्या जेवणाचं आहे!"

पुढच्या सुगीत कणसं पांढरीशुभ्र भरली. कारभारी राख घेऊन खळ्यावर आला आणि त्यानं भिवराच्या राशीभोवती कडं ओढलं. पण या वेळी कडं त्यानं पुरं केलं नाही. टेकाडाच्या, म्हणजे पेवाच्या बाजूला, माणूस सहज जाईल-येईल एवढी वाट मोकळी सोडली, टोपली देणाऱ्याला पेवापर्यंत जाऊन आत पाहता यावं म्हणून. त्या गावात पुढे सगळ्यांच्याच राशींभोवती कडं असंच ओढलं जाऊ लागलं. टोपलीत पुन्हा कुणी खडे मिसळले नाहीत की भुसा दडवला नाही.

तात्पर्य : सगळ्यांकडून घेतलेलं सगळ्यांसमोर उघडून दाखवलं, तरच ते टिकतं आणि वेळेला सगळ्यांच्या कामी येतं.