साहेबाची करंगळी

पाचगणीला एका मराठी चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. त्यात गोऱ्या कलेक्टरचं काम करायला लीड्सहून केनेथ नावाचे निवृत्त शिक्षक आले होते. इंग्रज माणूस चहा पितो तरी कसा, याचं दुभाषी ईशानी रणभिसेला भारी कुतूहल होतं. पहिल्याच दृश्यात केनेथनी कप दोन्ही हातांत धरला आणि चहात खुशाल बिस्कीट बुडवलं. ईशानीला गंमत वाटली. तिचे बाबाही अगदी असाच चहा पीत.

दिग्दर्शक विश्वासराव जेधे मात्र भडकले. "हा इंग्रज वाटतच नाही. इंग्रज करंगळी वर करून चहा पितो. शंभर सिनेमांत पाहिलंय मी."

ईशानीनं ते केनेथना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या घरात असं कुणीच पीत नाही."

"मग उद्या दुसरा इंग्रज आणा," जेध्यांनी फर्मावलं.

केनेथनी निमूटपणे कप खाली ठेवला. ईशानीला राहवलं नाही. तिनं जेध्यांना विचारलं, "सर, तुम्हाला पुंगी वाजवता येते?"

"मला कशी येईल?"

"इंग्रजांच्या सिनेमांत आपला माणूस पुंगी वाजवून नाग डोलवतो. त्या हिशेबानं तुम्हीही भारतीय वाटत नाही."

सेटवर खसखस पिकली. जेधे स्वतःही हसले. "कॅमेरा लावा," ते म्हणाले. "पिऊ दे त्यांना त्यांच्या पद्धतीनं."