न आलेली माणसं

हिंगणदुर्गात जो कोणी परगावची वाट दाखवील त्याला गावाबाहेर काढायचं, असा राजा रणधीररावांचा हुकूम निघाला आणि चारच दिवसांत भिवरा त्यात सापडली!

भिवरा कोळीण वेशीबाहेरच्या वडाखाली पाणपोई चालवायची. पाणी पिणारा माणूस तांब्या खाली ठेवता ठेवता वाट विचारतो आणि पाणी देणारी ती सांगते, ही पाणपोईची रीतच. त्या दिवशी एक लमाण आला. त्याचा बैल लंगडत होता. त्याने नालबंद विचारला, भिवराने शेजारच्या माळकोटचा नालबंद सांगितला, आणि झाडाआड उभ्या असलेल्या हुजऱ्याने ते ऐकलं. तासाभरात भिवरा दरबारात उभी!

"माझ्या गावात आलेलं गिऱ्हाईक तू माळकोटच्या पदरात टाकतेस?" राजा गरजला.

"महाराज, आपल्या गावात नालबंद न्हाई."

"मग थांबवून घ्यायचं! उद्या येईल म्हणायचं!"

"लमाणाला सांगितलं असतं, महाराज. पर बैलाला हुकूम कळंना, त्यो लंगडतच ऱ्हायला."

दिवाण त्र्यंबकपंतांना एकाएकी खोकला आला. राजाला मात्र हसू आलं नाही. त्याचा हिशेब सरळ होता : आलेल्या माणसाला दुसऱ्या गावचं नावच कळू दिलं नाही, की तो जाणार कुठे?

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय?" भिवरा म्हणाली. "म्या न्हाई सांगितलं तरी माळकोट हाय तिथंच ऱ्हानार. आन् महाराज, आपल्या बाजाराला येनारी निम्मी मानसं दुसऱ्या गावानं वाट दावली म्हनूनच येत्यात."

"खोटं! ती माझ्या गावच्या घोंगड्यांच्या नावावर येतात! दुसऱ्याने धाडलेला एक तरी माणूस दाखव मला!"

"आलेल्याच्या कपाळावर काय लिवलेलं असतं? आलेली न्हाई दावता यायची, महाराज. न आलेली दावीन."

राजाने कानात करंगळी फिरवली.

"न आलेली माणसं? तू दाखवणार?"

"व्हय. येत्या बाजारी."

"ठीक आहे! दाखवलीस तर हुकूम मागे. नाहीतर तुझे रांजण उचलायचे आणि त्याच पावली गाव सोडायचं!"

भिवरा दरबारातून बाहेर पडली. पाणपोई तिच्या सासूने मांडलेली. त्या वडामागच्या झोपडीखेरीज तिला जगात दुसरं घर नव्हतं. बोलून तर बसले, आता निस्तरायचं कसं, म्हणत ती पायरीवर बसली, घोटभर पाणी प्याली आणि उठून थेट माळकोटला गेली.

तिथल्या धर्मशाळेचा राखणदार सखोबा ओळखीचा होता.

"सखोबा, कुनी घोंगडी इचारली तर काय सांगता?"

"काय सांगायचं? हिंगणदुर्गाला जा म्हणतो. आमची घोंगडी पांघरून झोपलं तर आतून चांदण्या दिसतात."

"एवढ्या बाजाराला तसं सांगू नगा. आमच्या महाराजांचा हुकूम पाळा."

"तुमच्या राजाचा हुकूम मी का पाळू?"

"एकडाव पाळा. म्हंजी आमाला जलमभर पाळावा लागनार न्हाई!"

सखोबाने डोकं खाजवलं आणि मान डोलावली. तिथून भिवरा नदीच्या उतारावरच्या नावाड्याकडे गेली, मग घाटातल्या चौकीदाराकडे. दोघांनीही आधी तिला वेड्यात काढलं आणि मग कबूल केलं.

बाजाराचा दिवस उजाडला. राजा लवाजम्यासह बाजारात आला आणि थबकला. घोंगड्यांच्या थप्प्या होत्या, विणणारे होते, माशाही होत्या. गिऱ्हाईक म्हणून गावातलेच एक आजोबा होते आणि ते गेल्या हिवाळ्यापासून एकाच घोंगडीचा भाव करत होते.

"माणसं कुठायत?" राजा ओरडला.

भिवरा पुढे झाली, मुजरा केला.

"ही काय, महाराज! न आलेली मानसं. बोलल्यापरमानं दावली."

"कुठे?"

"ह्या वट्ट्यावर माळकोटच्या धर्मशाळेत उतरलेली वऱ्हाडी मंडळी न्हाईत. त्या कोपऱ्यात नदीपल्याडचे मेंढके न्हाईत, आन् दिवाणसाहेब उभे हायती तिथं तर घाटावरच्या व्यापाऱ्यांची लईच गर्दी न्हाई."

दिवाणसाहेब चटकन बाजूला सरकले.

"पण यांना अडवलं कुणी?"

"आपल्या हुकमानं! तिकडच्या लोकांना म्या त्यो एका बाजारापुरता पाळायला लावला. आज कुनी कुनाला हिंगणदुर्गाची वाट सांगितली न्हाई."

राजाने रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं. मग त्याने आवाज खाली आणला.

"भिवरा, समज, माळकोटच्या राजाला हा हुकूम आवडला आणि त्याने कायमचाच काढला, तर?"

"म्हनून म्हंते महाराज, त्याच्या कानावर जायच्या आत मागं घ्या!"

राजा असा काही हसला की थप्पीवरच्या घोंगड्या घसरल्या! दवंडीवाल्याला जागच्या जागी बोलावून हुकूम मागे घेतला. पाणपोईला दगडी बांधकाम मंजूर झालं. शिवाय राजाने हातातला सोन्याचा तोडा काढून भिवराच्या हातात घातला. तो तिच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरला.

"ढिला होतोय," राजा म्हणाला. "आपल्या सोनाराकडून बेताचा करून घे. की चांगला सोनारही..."

भिवराने आधी घोंगड्यांच्या थप्पीआड सरकणाऱ्या गावच्या सोनाराकडे पाहिलं, मग राजाकडे.

"माळकोटला, महाराज. वडापासनं डावीकडं."